आठवीपर्यंत वर्गात असलेलं लेकरू दहावीच्या यादीतून कुठं जातं?

बालाघाटी (धागाकर्ता)

दहावीचा निकाल लागला की इथं दरवर्षी दोन धागे ठरलेले. एक 'आमच्या वॉचमनच्या मुलीला ९४ टक्के' आणि दुसरा 'मराठी शाळांचा खालावलेला दर्जा'. दोन्ही मी आवडीनं वाचतो. पण निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. जे बसलेच नाहीत त्यांच्यासाठी हा धागा.

मी बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यातल्या एका हायस्कूलला गणित शिकवतो. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्याकडची निम्मी-अधिक घरं ऊसतोडीला जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या लागतात. टोळ्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडं आणि पुढं कर्नाटकातही उतरतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की पाडव्याच्या मागंपुढं परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेस्तोवर तोडायचं. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. दोन माणसं दिवसभरात दीड-दोन टन तोडतात. हिशोब ज्याचा त्यानं करावा.

आता हे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. शाळा जूनच्या मध्याला उघडते. ऊसतोड्याच्या लेकराला पहिलं सत्र मिळतं, दुसरं मिळत नाही. दहावीच्या भूमितीत समरूपता, पायथागोरस पहिल्या सत्रात होतात. त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन येतं तेव्हा पोरगं कोपीवर (टोळीची तात्पुरती झोपडी) असतं, नाहीतर फडात, म्हणजे तोडीच्या उसात. इतिहासाचा धडा सुटला तर पुढचा वाचता येतो. गणितात मधली पायरी गेली की वरची दिसतच नाही.

लहान वयात याला थोडा आधार आहे. आईबाप तोडीला गेले तरी लेकरू आजी-आजोबांजवळ गावात राहावं म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, दोन वेळचं जेवण मिळतं. पण ही सगळी व्यवस्था सहा ते चौदा वयाची. शिक्षणहक्क कायदा (२००९) चौदापर्यंत. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. आमच्याकडं जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवीलाच संपतात, म्हणजे पुढचं हायस्कूल दुसऱ्या गावात. आणि नेमकं याच वयात पोराच्या खांद्यात मोळी उचलून गाडी भरण्याइतकं बळ येतं. बालमजुरीच्या कायद्याची २०१६ ची दुरुस्तीही तेच वय धरते: चौदाच्या आत कामाला बंदी (घरच्यांना हातभार लावायला तिथंही सूट आहेच), चौदा ते अठरा मात्र फक्त धोकादायक कामांना बंदी.

म्हणजे सरकारनं हात काढून घेण्याचं वय आणि घराला पोराचा हात लागण्याचं वय एकच. माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्याकडं गरिबी पोरांच्या डोक्यावर परिणाम करते त्याआधी त्यांच्या कॅलेंडरवर करते. आणि कॅलेंडर दुरुस्त करता येतं.

गेल्या काही वर्षांतला एक पोरगा सांगतो. तोंडी परीक्षेसाठी तो कराडकडच्या फडातून रात्रीच्या एसटीनं एकटा आला. सकाळी मी पोचलो तर शाळेच्या ओट्यावर दप्तर उशाला घेऊन झोपलेला. हाताला पाचटाचे ओरखडे, काही ताजे. उठला, तोंड धुतलं आणि म्हणाला, "सर, समरूपतेपर्यंतचं काय बी विचारा. पुढचं विचारू नका, मला दिलेलंच नाही कुणी." उत्तरपत्रिकाही तशीच निघाली. निम्मी स्वच्छ अक्षरात भरलेली, निम्मी कोरी. काठावर पास झाला. त्याच्या गुणपत्रिकेकडं बघून कुणीही म्हणेल, सुमार विद्यार्थी.

तुमच्या भागातले अनुभव लिहा. फक्त ऊसतोडीचेच असं नाही.

कंदीलवाले काका

लेख आवडला, पण थोडं वेगळं मत. आम्हीही गरिबीतच शिकलो हो. पाच भावंडं, चिमणीच्या उजेडात अभ्यास, एका पुस्तकावर तिघं. त्या काळी कुठला पोषण आहार आणि कुठली मोफत पुस्तकं? तरी त्यातले दोघे इंजिनीअर झाले. जिद्द असली की मार्ग निघतो. कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' म्हणूनच सांगितलं होतं ना? आज सगळं हातात देऊनही मुलं टिकत नाहीत, याचा विचार नको का?

चष्मेवाली

काका, प्रश्न आगाऊपणाचा वाटला तर सोडून द्या. तुमच्या घराला वर्षभर एकच पत्ता होता ना? आणि तुमच्या पगाराशिवाय घर चालत होतं ना?

मी मुंबईत रात्रशाळेत शिकवते. माझी मुलं दिवसभर कॅन्टीनला, कुरिअरला, गॅरेजला असतात आणि संध्याकाळी साडेसहाला वर्गात येतात. जिद्द नसती तर ती घरी जाऊन झोपली असती. पहिल्या तासाला उत्साह असतो. दुसऱ्या तासाला मागच्या बाकांवर डोकी खाली जायला लागतात. एक मुलगा उभं राहून लिहितो, बसलं की झोप येते म्हणून. त्याला मी जिद्दीबद्दल काय शिकवणार?

आणि पाचातले दोघे इंजिनीअर झाले. उरलेल्या तिघांचं काय झालं, तेही लिहा कधी.

कंदीलवाले काका

@चष्मेवाली, उरलेल्यांत दोन बहिणी. त्यांची लग्नं झाली. एक भाऊ शेती बघतो. मुद्दा पोचला, पण जिद्दीला काहीच किंमत नाही हे मला मान्य नाही.

बालाघाटी (धागाकर्ता)

काका, किंमत आहेच. पण कर्मवीरांचं नाव काढलंत म्हणून सांगतो. त्यांनी पोरांना नुसतं 'कमवा' म्हणून सोडलं नव्हतं. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, आणि साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं १९२४ ला. राहायला जागा, ताटात भाकरी आणि काम शाळेच्या आवारातच. कामासाठी पोराला शाळेपासून दोन-तीनशे किलोमीटर लांब जावं लागत नव्हतं. त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं की आधी वसतिगृह, मग वर्ग. आपण उलटं करून बसलोय.

फडकरी

मी बी त्याच पट्ट्यातला, सर. आता पुण्याला कंपनीत आहे. इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं-माकलं तर समजून घ्या.

आमच्या घरात मी शिकलो ते माझ्या डोक्यामुळं नाही. थोरली बहीण आईबापासंगं फडात गेली म्हणून मी मागं राहिलो. ती माझ्यापेक्षा हुशार होती. पाढे तिनंच मला पाठ करून घेतले. सातवी झाली आणि तिचं नाव काढलं. आधी कोपीवर धाकट्याला सांभाळायला, सैपाकाला, मग वाढे (उसाचे शेंडे) बांधायला. पंधराव्या वर्षी लग्न. का, तर एकट्या पोराला 'अर्धा कोयता' म्हणून उचल कमी मिळते, जोडी असली की पूर्ण मिळते. तिकडच्या पोराला कोयता पूर्ण करायचा होता. शिवाय वयात आलेली पोरगी गावात म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची, तर आईचा जीव तिकडं थाऱ्यावर राहत नाही. आणि संगं न्यावी तर कोपीला ना दार ना कडी. लोक बाहेरून म्हणतात आईबाप अडाणी, पोरीचं लगीन लवकर लावतात. माझी आई अडाणी होती, पर वेडी नव्हती. तिच्यापुढं तीन रस्ते होते, तिन्ही वाईट.

माझ्या डिग्रीचं सर्टिफिकेट बहिणीनं हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "एवढंच असतं का?"

तांबडी माती

@फडकरी, अहो लिहा. चुकलं-माकलं काही नाही.

त्यांच्या मुद्द्याला आकड्याची जोड देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघालं. एकट्या बीडमध्ये सुमारे ४४. दुप्पट. हा फरक 'मानसिकते'चा म्हणायचा तर बीडची मानसिकता बाकीच्या राज्यापासून एवढी वेगळी कशी, हे सांगावं लागेल.

आकडेमोड्या

उत्तम धागा. धागाकर्त्यांच्या 'डोक्यावर नाही, कॅलेंडरवर' या वाक्याला मात्र थोडा छेद देतो. डोक्यावरही परिणाम होतो, आणि गंमत म्हणजे याचा एक प्रसिद्ध पुरावा उसाच्याच शेतातला आहे. २०१३ साली 'सायन्स' मध्ये एक अभ्यास आला. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, म्हणजे हात तंग असताना, आणि तोडणीनंतर पैसे हातात आल्यावर बुद्धीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. माणूस तोच, पण पैसे नसतानाची कामगिरी कमी भरली. संशोधकांचं म्हणणं असं की विवंचना डोक्यातली जागा अडवून बसते. हे सगळे मोठे लोक होते, पोरं नव्हेत. म्हणून फार ताणत नाही. पण ज्या घरात उचल कशी फिटणार याचीच रोज चर्चा, त्या घरातल्या दहावीच्या मुलीच्या डोक्यात वर्गसमीकरणाला किती जागा उरत असेल?

दुसरं, 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२३ चा अहवाल खास १४ ते १८ वयोगटावर होता. २८ जिल्हे पाहिले. चौदा वर्षांच्या मुलांत शाळेत नाव नसलेली ३.९ टक्के. अठरा वर्षांच्या मुलांत ३२.६ टक्के. आठवीनंतरची गळती म्हणतात ती हीच. धागाकर्त्यांचा मुद्दा फक्त बीडचा नाही.

खवचट

त्याच 'असर'मध्ये हेही आहे ना, की या वयातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांना दुसरीचा उतारा मातृभाषेत धड वाचता येत नाही आणि निम्म्याहून जास्त मुलं तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागताना अडतात? मग नववीत टिकवून काय लोणचं घालायचं? आठवीपर्यंत ढकलत आणलं हे गुरुजींनीच. आता कॅलेंडरचं नाव पुढं करताय. ऊसतोडीला न जाणाऱ्या घरातल्या मुलांनाही भागाकार येत नाही, सर!

बालाघाटी (धागाकर्ता)

खवचट, आयडीला जागलात. पण प्रश्न रास्त आहे.

भागाकार न येणारी पोरं माझ्याही वर्गात आहेत, ऊसतोडीची आणि बिगर-ऊसतोडीचीही. फरक पुढं पडतो. दुकानदाराच्या पोराला भागाकार येत नाही, तर त्याचा बाप त्याला तालुक्याला क्लास लावतो, नाहीतर निदान बारावीपर्यंत शाळेत बसवून ठेवतो. मग तो कधीतरी सावरतो. ऊसतोड्याच्या पोराला एकदा 'जमत नाही' असं वाटलं की बाहेर काम तयारच असतं. कच्चं राहण्याची सवलत त्याला नाही.

आणि ढकलण्याबद्दल. आठवीला नापास करायचं नाही हा नियम आता बदललाय. २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, आधी पुनर्परीक्षेची संधी आणि तरी नाही जमलं तर त्याच वर्गात. ही परीक्षा एप्रिलमध्ये. जो नोव्हेंबरपासून वर्गातच नव्हता त्याला कुणी आणि कशाच्या जोरावर नापास करायचं, तुम्हीच सांगा. माझं मत: आमच्या भागात या नियमानं गळती आठवीच्या अलीकडं सरकेल.

जर्सीवाली जाऊबाई

तिकडचा विषय नाही, पण वयाच्या मुद्द्यावरून आठवलं. अमेरिकेत १९९४ ते ९८ दरम्यान बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत एक सरकारी प्रयोग झाला. गरीब वस्तीतल्या कुटुंबांना सोडत काढून बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. २०१५ मध्ये त्या मुलांच्या पुढच्या आयुष्याची आकडेवारी आली. तेराच्या आत असताना जी मुलं हलली, त्यांची विशीच्या मध्यातली कमाई साधारण ३१ टक्क्यांनी जास्त भरली. तेराच्या पुढच्यांना मात्र फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच. एक कारण असं दिलं जातं की त्या वयात शाळा, मित्र, ओळखी तुटण्याचाच फटका मोठा असतो.

फडकरींचं वाचताना वाटलं, इथं तर हे तुटणं दर दिवाळीला होतं.

खवचट

@जाऊबाई, म्हणजे तेराच्या पुढं काही करूच नये? सोयीचं आहे सरकारला.

जर्सीवाली जाऊबाई

असं कुठं म्हटलं? त्या वयात मुलाला हलवण्यापेक्षा मदत त्याच्यापाशी न्या, एवढाच अर्थ मी तरी काढला.

गोडबोले साखरवाले

अवांतर: कारखान्यावर साखरशाळा असायच्या त्यांचं काय झालं? आमच्या लहानपणी कारखान्याच्या तळावर पत्र्याच्या शेडमध्ये भरायची, आठवतंय.

फडकरी

मी एक हंगाम गेलोय साखरशाळेत. बाईंचा जीव होता आमच्यावर, पण पहिली ते चौथी सगळी एकाच पालाखाली. सकाळी शाळेत यावं तर धाकट्याला घेऊन यायचं, तो रडला की उठायचं. आणि टोळी दुसऱ्या फडावर हलली की शाळा संपली. शिक्षणहक्क कायदा आल्यावर अशा शाळा कमी झाल्या, जवळच्या नियमित शाळेत घाला म्हणाले. कोल्हापूरकडच्या गावात आम्ही चार महिन्यांचे पाहुणे. मागच्या रांगेत बसायचं, मास्तर हजेरीत नाव घेत नाही, पोरं 'बीडवाले आले' म्हणायची. दोन दिवसांनी मीच जायचं बंद केलं. मारलं-बिरलं नाही कुणी. पण हजेरीत नाव नसलं की माणूस तिथं असूनही नसतो.

नववी-दहावीसाठी तर तसली बी सोय कधी नव्हती.

चष्मेवाली

@फडकरी 🙏

बालाघाटी सर, या मुलांना शिष्यवृत्त्या मिळत नाहीत का? आर्थिक दुर्बल घटकांची ती परीक्षा असते ना आठवीत?

बालाघाटी (धागाकर्ता)

बरं झालं विचारलंत, यावर मी तासभर बोलू शकतो. ती एनएमएमएस. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी चार वर्षं. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. अगदी आमच्या पोरांसाठीच बेतलेली वाटते. परीक्षा कधी असते? आठवीच्या वर्षी, डिसेंबरात. आणि दुसरी, आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा होती ती? फेब्रुवारीत असायची. ज्या महिन्यांत पोरगं हमखास फडात असतं, नेमक्या त्याच महिन्यांत.

जे मागं राहतात त्यांना बसवतो आम्ही. मग कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायचा. अर्ज बापाच्या नावानं, बाप कर्नाटकात. ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो, आणि फडात असताना तो मोबाईल बंद नाहीतर मुकादमाच्या गाडीत चार्जिंगला. आजोबा अंगठा द्यायला तयार असतात, पण मशीन त्यांचा अंगठा घेत नाही, रेषाच झिजल्यात. हे गाऱ्हाणं कुणा एका कार्यालयाचं नाही. प्रत्येक खिडकीवरचा माणूस आपापल्या जागी बरोबरच असतो.

मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे, ही योजना मात्र खरंच चांगली. पास असला तरी गाडी यावी लागते, हे वेगळं. आमच्या गावची गाडी शाळा सुटायच्या आधी निघते, म्हणून मुली शेवटचा तास सोडतात. शेवटचा तास माझा.

तांबडी माती

पण सर, संत भगवानबाबा वसतिगृह योजना आलीय ना २०२१ ला? खास ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी. ४१ तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक, अशी एकूण ८२.

बालाघाटी (धागाकर्ता)

आलीय, आणि मी तिच्या बाजूचा आहे. आमची काही पोरं अशा वसतिगृहात राहिली, त्यांचं दुसरं सत्र पहिल्यांदा पूर्ण झालं. एकीनं त्रिकोणमितीचं उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं तेव्हा मलाच नवल वाटलं, कारण तोवर तो धडा मी ऊसतोडीच्या पोरांना कधी शिकवलाच नव्हता.

अडचण मापाची आहे. एका वसतिगृहाची क्षमता १००. सगळी ८२ पूर्ण भरून चालली तरी ८,२०० पोरं. राज्यात ऊसतोड मजूर आठ-दहा लाखांच्या घरात सांगतात. शिवाय वसतिगृह तालुक्याच्या गावी, म्हणजे पोराची शाळा बदलणार. जाऊबाईंनी लिहिलेलं तुटणं इथंही आहेच. गावातलंच हंगामी वसतिगृह आठवीऐवजी दहावीपर्यंत चालवलं, तर इमारत नको, शाळा बदलायला नको. तीच खोली, तीच चूल, तीच सैपाकीणबाई. दोन वर्गांची ताटं वाढवायची. मला तर हे सगळ्यात स्वस्त दिसतं.

कंदीलवाले काका

सर, एक विचारू? एका मुलाचं सहा महिन्यांचं जेवणखाण आणि थोडी शिकवणी याला तुमच्या गावात साधारण काय खर्च येतो? आमचा निवृत्तांचा एक गट आहे. हार-तुऱ्यांवर बराच पैसा जातो आमचा.

बालाघाटी (धागाकर्ता)

काका, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. पैशांआधी एक काम सांगितलंय: तुमच्यात कुणी निवृत्त गणितवाले असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी हवे आहेत. फोनवरून चालेल. आमची दोन-तीन पोरं फडात मोबाईल घेऊन असतात, रात्री आठनंतर रेंज मिळते.

फडकरी

आठ नको सर, नऊ करा. गाडी भरायला रात्र होते.